एक जूनचे वाढदिवस

१९ मे २०२५, सोमवार

बालगृहाचं आमच्या संस्थेला पत्र आलं. 'खालील तीन प्रवेशित दि. १ जून रोजी वयाची १८ वर्षे पूर्ण करीत असल्याने...' पुढचं वाचावं लागत नाही. मजकूर दरवर्षीचा आणि तारीखही दरवर्षीचीच. ज्या पोराची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नाही, त्याला शाळेत घालताना गुरुजी एक जून लिहून मोकळे होतात, म्हणजे पहिलीचं वय बरोबर भरतं. गावोगावच्या आजोबांची जन्मतारीख हीच, आणि घरात त्यावरून थट्टा चालते. बालगृहातल्या मुलाला ती थट्टा परवडत नाही. वय ठरवताना बाल न्याय कायदा आधी शाळेचा दाखला बघतो, तो नसेल तर पालिकेचा, तोही नसेल तर हाडांची तपासणी. दाखला आहे म्हटल्यावर विषय संपला. कुठल्या तरी गुरुजींनी घाईत टाकलेली तारीख या मुलांची गादी, ताट आणि कपाट कधी काढून घ्यायचं ते ठरवते.

तिघांपैकी एक आयटीआयला वायरमन ट्रेडला आहे, परीक्षा अजून व्हायची आहे. दुसरा यंदा बारावी झाला. तिसरा दिसायला जेमतेम पंधराचा, दहावीत अडकलेला. नावं वहीत लिहीत नाही. मुलांची ओळख उघड करायला कायद्यानं मनाई आहे आणि माझी वही ऑफिसात कुठेही पडलेली असते. तेव्हा वायरमन, बारावी आणि धाकटा.

२२ मे, गुरुवार

धनकवडीत जागा बघत फिरले. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी संस्थेचा जो फ्लॅट आहे, त्यात आता पाय ठेवायला जागा नाही. बाल न्याय कायद्याखालच्या केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत अशा सहा ते आठ जणांनी एकत्र राहावं असं म्हटलंय. लिहिणाऱ्यानं विचार करून लिहिलं असणार, कारण त्यापुढे गर्दी झाली की पुन्हा संस्थाच होते. प्रश्न एवढाच, की आठांना जागा देणार कोण?

एजंटचा पहिला प्रश्न, "फॅमिली का बॅचलर?"

"तीन मुलं आहेत. शिवाय आमचा एक कार्यकर्ता सोबत राहील."

"म्हणजे बॅचलर."

तरी एका सोसायटीत गोष्ट सेक्रेटरीपर्यंत गेली. भला माणूस, चहा दिला. म्हणाला, "आईवडिलांचं आधार आणि फोन नंबर देऊन ठेवा. काही झालं तर बोलवायला कोणीतरी पाहिजे ना."

"मला बोलवा."

"तुम्ही त्यांच्या कोण?"

सांगितलं. मग अपेक्षेप्रमाणे, "म्हणजे सुधारगृहातली मुलं का?" ही समजूत काढणं हा माझ्या नोकरीचा अर्धा भाग आहे. ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे त्यांच्यासाठी निरीक्षणगृह. ज्यांना सांभाळायला कोणी नाही, किंवा आहे पण सांभाळत नाही, त्यांच्यासाठी बालगृह. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "माझं काही नाही हो ताई, मेंबर लोक ऐकत नाहीत." हे मेंबर लोक आजवर कोणाला दिसलेले नाहीत.

त्याचा प्रश्न मात्र चुकीचा नव्हता. मी घरमालक असते तर मीही तोच विचारला असता. रात्री दोन वाजता पोरगं तापानं फणफणलं, नळ फुटला, पोलीस आले, तर बोलवायचं कोणाला? इतर भाडेकरूंच्या बाबतीत हे विचारावं लागत नाही, एवढाच फरक.

२४ मे, शनिवार

मे संपायच्या आत पाऊस. ऑफिसात बसून हिशेब केला. मिशन वात्सल्य योजनेत बालगृहातून बाहेर पडणाऱ्याला अनुरक्षण म्हणून महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात, एकविसाव्या वर्षापर्यंत. फारच गरज असेल तर आणखी दोन वर्षं. आता या भागात कॉट बेसिसवर जागा म्हणजे तीन हजार. दोन वेळची मेस धरली तर तितकेच आणखी. आणि एक जूनपासून पीएमपीचा मासिक पास ९०० चा १,५०० होतोय. तोही मुहूर्त एक जूनचाच.

चार हजार कमी आहेत अशी तक्रार करायला मी ही बेरीज मांडलेली नाही. चार हजारांत निदान सुरुवात होते. पण योजना कागदावर वाचताना वाटतं की पैसे दिले की मुलगा उभा राहिला. माझ्या भाच्याला बारावीनंतर पुण्यात ठेवलं तेव्हा माझ्या बहिणीनं पैसे दिलेच, वर दर रविवारी फोनवर 'कपडे धुतलेस का, कोणाच्या नादी लागू नकोस, लाडू संपले का' हे चालू होतं. त्याचा खर्च कुठल्या रकान्यात धरायचा?

२८ मे, बुधवार

जुन्या वर्गणीदारांपैकी एक आजोबा देणगी द्यायला आले. पावती घेता घेता म्हणाले, "आम्ही नाही का वार लावून जेवलो? सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. आताच्या पोरांना सगळं हातात लागतं." त्यांच्याशी वाद घातला नाही, देणगी द्यायला आलेल्याशी घालूही नये. पण दिवसभर डोक्यात तेच राहिलं.

परक्याच्या पोराला जागा आणि जेवण देऊन शिकवणं आपल्याकडे नवीन नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांचं बोर्डिंग काढलं, मग एकेका जातीची वसतिगृहं उभी राहिली. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका बोर्डिंगात एका पंगतीला बसवली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने त्यात गेले. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, तिच्या वसतिगृहांतून खेड्यापाड्यांतली मुलं शिकून गेली. आजोबांच्या 'वारां'मध्ये जातीची दारं घट्ट बंद होती हे ते सोयीनं विसरले. बोर्डिंगांनी ती दारं उघडली म्हणून तर पुढचा महाराष्ट्र शिकला.

पण त्या सगळ्या पोरांना दिवाळीत जायला गाव होतं. वसतिगृह मे महिन्यात रिकामं व्हायचं. आमचा फ्लॅट मे महिन्यात सगळ्यात भरलेला असतो. मेस सुट्टीला बंद, वाचनालय बंद, बरोबरची पोरं आंबे खायला गावी. गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आमची पाचही मुलं दुपारी तीन वाजता झोपून होती. कोणी आजारी नव्हतं.

३० मे, शुक्रवार

जागा मिळाली. गुंठेवारीतली इमारत, तळमजला, दोन खोल्या, मोरीत थोडी ओल. सोसायटीच नाही, त्यामुळे सेक्रेटरीही नाही. मालक एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांनी मुलांबद्दल एकच गोष्ट विचारली, "रात्री मोठ्यानं गाणी लावतात का?" भाडेकरार अकरा महिन्यांचा, संस्थेच्या नावावर. पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म भरताना 'कायमचा पत्ता' इथे बालगृहाचा पत्ता लिहिला. परवापासून तोही त्यांचा नाही.

१ जून, रविवार

तिघं आले. प्रत्येकाकडे एक पत्र्याची पेटी आणि एक प्लास्टिकची फाइल. अधीक्षक स्वतः सोडायला आल्या होत्या, ही मोठी गोष्ट. जाताना धाकट्याच्या हातात शंभराची नोट कोंबली आणि पटकन रिक्षात बसल्या.

केक कापला. आधीच्या फ्लॅटमधला थोरलाही आला होता. त्याचीही तारीख एक जूनच, आज एकविसावं पुरं. म्हणजे आजपासून तोही सरकारच्या हिशेबातून उतरला. त्याला चाकणला कंपनीत कंत्राटी काम आहे. तो आणि अजून दोघं मिळून आंबेगाव पठारला स्वतःची जागा बघतायत.

रात्री साडेदहाला निघायच्या तयारीत होते तर बारावी स्वयंपाकघराच्या दारात उभा. आत येईना.

"काय रे?"

"मॅडम, पाणी पिऊ?"

माठ त्याच्यापासून दोन हातांवर होता. मी म्हटलं, "हे विचारायचं नसतं इथे." त्यानं मान हलवली, ग्लास घेतला, प्यायला, विसळून जिथून घेतला तिथेच बरोबर उलटा ठेवला. मग वळून विचारलं, "लाइट बंद करू?"

आमचा निवासी दादा, जो स्वतः बालगृहात वाढलाय, म्हणतो तीन महिने लागतात. त्याला स्वतःला फ्रिज उघडायला चार महिने लागले होते.

३ जून, मंगळवार

पहाटे साडेपाचला तिघंही उठतात, अंथरुणं घड्या घालतात, आंघोळी करतात आणि बसून राहतात. बालगृहात पुढची घंटा नाश्त्याची असते. इथे घंटा नाही आणि नाश्ता आपला आपण.

दादानं धाकट्याला पाचशे रुपये देऊन बाजाराला पाठवलं. तो पाच किलो कांदे आणि एक मोठी पिशवी भरून हिरव्या मिरच्या घेऊन आला, पैसे संपले. दादानं कपाळाला हात लावला. मी विचारलं, "एवढ्या मिरच्या कशाला?" तो गोंधळला. त्याला स्वयंपाक येतो, चांगला येतो, दोन वर्षं तो बालगृहाच्या मुदपाकखान्यात मावशींच्या हाताखाली होता. साठ जणांची आमटी त्याला डोळे मिटून येते. चौघांची येत नाही. मीठ पसाभर घालायची सवय, चिमूट किती ते ठाऊक नाही. आणि पैसे? अठरा वर्षांत एकटा दुकानात उभा राहून त्यानं एकच गोष्ट विकत घेतली होती, पेन.

संध्याकाळी मिरच्यांचं लोणचं घातलं. बरंच झालंय.

गॅसचं कनेक्शन पत्त्याच्या पुराव्यावर अडलंय, तोवर पाच किलोचा 'छोटू' सिलिंडर आणला. त्याला नुसतं ओळखपत्र पुरतं. ज्यानं कोणी ही सोय काढली त्याचं भलं होवो.

६ जून, शुक्रवार

संस्थेच्या मुलींच्या फ्लॅटवर. नर्सिंगचं शिकणारी तिथे आहे, तिला दोन वर्षांपूर्वी 'स्वगृही पुनर्वसन' म्हणून मावशीकडे पाठवलं होतं. कागदावर केस बंद. मावशीकडे तिच्या वाट्याला धुणीभांडी आणि मावशीची दोन पोरं आली, आणि सहा महिन्यांत स्थळ. मुलगा चौतीस वर्षांचा, घरचा ट्रॅक्टर. तिनं वर्गातल्या मैत्रिणीच्या फोनवरून आम्हाला गाठलं म्हणून ती आज इथे आहे.

मुलगा अठराचा झाला की सगळे विचारतात, आता हा काय करणार. मुलगी अठराची झाली की विचारतात, आता हिला कोणाला देणार. संस्थांकडे स्थळांच्या चिठ्ठ्या येतात, 'मुलगी गरीब चालेल, हुंडा नको' असा उपकाराचा सूर असतो. त्यातली काही लग्नं चांगली निघतात हेही खरं. पण भांडण झालं तर माहेर म्हणून दार कोणतं, हे कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही. आज तिला भेटायला जरा अचानक गेले तर तिनं दार उघडताच विचारलं, "ताई, स्थळ आलंय म्हणून आलात का?" हसत विचारलं, पण दार अर्धंच उघडं ठेवून.

फी भरायची म्हणून पावत्या घ्यायला गेले होते.

१० जून, मंगळवार

रात्री पुणे स्टेशन. हे आमचं ठरलेलं काम नाही, पण रेल्वेतल्या मदत केंद्रावरच्या मैत्रिणीनं बोलावलं. एक मुलगा, एकोणीस वर्षांचा म्हणतो. अकराव्या वर्षी घरून पळाला. दादर, कल्याण, सुरत, पुणे. बाटल्या गोळा करणं, केटरिंगमध्ये ताटं धुणं, लग्नसराईत डोक्यावर दिव्यांचे झुंबर धरणं. आठ वर्षांत तो कधीही बालगृहात राहिला नाही. दोनदा नेलं, दोनदा पळाला.

त्यामुळे तो आता कशातच बसत नाही. १०९८ हा नंबर मुलांसाठी. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून हेल्पलाइन सुरू झाली तेव्हापासून असंख्य पोरं त्या नंबरानं वाचली, पण अठरानंतर तो नंबर त्याचा नाही. अनुरक्षणाची मदत बालगृहातून बाहेर पडणाऱ्याला, आणि हा कधी आत नव्हता. म्हणजे जो नियमानं आत राहिला त्याला चार हजार, जो रस्त्यावर राहिला त्याला शून्य. ज्याला जास्त गरज त्याच्याकडे फाइलच नाही. मला या योजनेतली ही फट सगळ्यात जास्त सलते.

उरला बेघर निवारा. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, शहरात एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, वर्षभर, चोवीस तास. पुढे नागरी उपजीविका अभियानात माणशी पन्नास चौरस फूट जागेचा निकष आला. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांवर बेघर मोजले गेले, महाराष्ट्रात दोन लाखांवर. निवारे झाले, काही चांगलेही चालतात. मी त्याला एका निवाऱ्यात घेऊन गेले. तिथे बहुतेक म्हातारे, आजारी, दारूनं खचलेले. त्यानं आत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "ताई, इथे झोपलो तर मी यांच्यातलाच होईन." तरी झोपला, पाऊस होता.

त्याला डिलिव्हरीचं काम करायचंय. त्यासाठी लायसन्स, लायसन्ससाठी आधार. आधार नाही. कागद नसलेल्या प्रौढासाठी ठरावीक नमुन्यातला दाखला चालतो, आमदार, नगरसेवक, राजपत्रित अधिकारी किंवा मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचा. पुण्यात २०२२ पासून नगरसेवकच नाहीत, महापालिकेवर प्रशासक आहे. एरवी गल्लीतला नगरसेवक पाच मिनिटांत सही द्यायचा. निवडणूक रखडली की ती कोणाकोणाला नडते!

निवाऱ्याच्या व्यवस्थापकांनी दाखला द्यायचं कबूल केलंय. त्यासाठी तो काही दिवस तिथे टिकला पाहिजे.

१६ जून, सोमवार

बारावीच्या अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज. महाराष्ट्रानं २०१८ मध्ये अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं, देशात पहिल्यांदा. त्यामागे अमृता करवंदे या मुलीचा पाठपुरावा होता. गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेली, अठराव्या वर्षी बाहेर पडून पुण्याला आलेली, एमपीएससीच्या परीक्षेत गुण असूनही कोणत्याच रकान्यात न बसलेली. आता संस्थात्मक आणि संस्थाबाह्य असे दोन प्रकार आहेत. बारावीला पोलीस भरती करायचीय, त्याला हा कागद हवाच.

अर्ज भरताना 'वडिलांचे संपूर्ण नाव' या ओळीवर तो थांबला. शाळेच्या दाखल्यात एक नाव आहे, ते कोणी आणि कशावरून लिहिलं हे कोणालाच माहीत नाही. म्हणाला, "हेच लिहितो. इतकी वर्षं हजेरीत ऐकलंय, आता सवय झालीय त्यांची."

२१ जून, शनिवार

पालख्यांचा मुक्काम. माउली भवानी पेठेत, तुकोबा नाना पेठेत, निवडुंग्या विठोबाला. वायरमननं डोकं चालवून जुन्या बोर्डांतून वीस पॉइंटचं चार्जिंगचं टेबल बनवलं आणि तिघांनी एका मंडळाच्या मांडवात थाटलं. वारकऱ्यांची रांग लागली. धाकटा प्रत्येक मोबाइलला चिकटपट्टीवर नंबर लावून देत होता, एकही अदलाबदल झाली नाही. परभणीकडच्या एका आजीनं त्याला विचारलं, "कुणाचा रे तू?" तो म्हणाला, "धनकवडीचा." आजीला उत्तर पुरलं. तिच्या फोनमध्ये बॅलन्सच नव्हता, तो त्यानं स्वतःच्या खिशातून टाकला, आणि त्यावरून रात्री दादाशी वाजलं.

२५ जून, बुधवार

बैठकीत खडाजंगी. वायरमन दोन रात्री न सांगता बाहेर राहिला, फोन बंद. मित्राच्या खोलीवर होता, काही वाईट नाही. आमच्यातल्या एकांचं म्हणणं, रात्री दहानंतर दाराला कुलूप लावा, शिस्त राहील. दादा कधी नाही तो चिडला. "मग बालगृहातून काढलंत कशाला?" माझंही मत दादाच्या बाजूचं. कुलपाआड वाढलेल्या पोराला पुन्हा कुलूप दाखवलं तर तो खिडकीतून जायला शिकेल. शेवटी ठरलं ते इतकंच: उशीर होणार असेल तर मेसेज करायचा, नाही केला तर दादा जागा राहणार आणि दुसऱ्या दिवशी मनसोक्त बोलणी खायची. वायरमनला हे सांगितलं तर त्याला जागरणाचंच नवल. "दादा खरंच जागा होता?"

होता. आणि बोलणीही दिली, अर्धा तास.

स्टेशनवरचा मुलगा निवाऱ्यातून गेला. दाखल्यावर सही झालीय, दाखला माझ्या कपाटात आहे. मैत्रिणीला सांगून ठेवलंय.

२९ जून, रविवार

थोरल्याबरोबर आंबेगाव पठारला. वन आरके, दुसरा मजला. मालकीणबाई खमक्या. भाडं साडेसात हजार म्हणाल्या. मी तोंड उघडणार तर थोरल्यानं मला डोळ्यांनीच थांबवलं. मोरीचा नळ सोडून बघितला, मीटरचं बटण वरखाली केलं, खिडकीची कडी ओढून दाखवली. "काकू, सात धरा. कडी आणि बोर्ड मी बसवून घेतो, माझा मित्र वायरमन आहे." त्या सव्वासातवर अडल्या. हा म्हणाला, "मग टाकीचा फ्लोट तुम्ही बदला." सातवर ठरलं, डिपॉझिट दोन महिन्यांचं, त्यातलं एक आता आणि एक दिवाळीआधी.

त्यांनीही विचारलंच, "आईवडील कुठे असतात?" "नाहीत. या ताई आहेत, आणि कंपनीतले सुपरवायझर आहेत, दोघांचे नंबर देतो." बाईंनी दोन्ही नंबर कॅलेंडरच्या मागे लिहून घेतले आणि डबा सांगायचा असेल तर खालच्या वहिनी देतात म्हणाल्या.

पहिल्यांदाच करार संस्थेच्या नावावर नाही, तिघांच्या नावावर आहे. मंगळवारी अकराला एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन येतोय. साक्षीदार दोन लागतात. एक मी. दुसरा तो स्वतः बघतो म्हणाला. सुपरवायझरला विचारलंय, त्यांची पहिली पाळी असली तर मात्र अडचण आहे.